सदर वजन मान्य नाही

काट्यावर अविश्वास ठेवणं हा काही लोकांचा स्वभाव असतो. निरीक्षकबाईंचा तो पगार होता. सव्वीस वर्षं त्या वजनमाप खात्यात होत्या. भाजीवाल्यापासून सोनारापर्यंत कुणाच्याही काट्याकडे त्या अशा नजरेने बघत, की स्थिर काटाही थरथरायला लागावा. दुकानदार म्हणायचे, काटा बरोबर आहे हो बाई, मालच तसा आहे. त्यावर बाई पिशवीतून बुडबुड्याची पाणसळ काढायच्या, काटा सपाट जागेवर घ्यायच्या आणि त्याच्यावर खात्याची प्रमाण वजनं चढवायच्या. मालाला दोष देणारे त्यांनी पुष्कळ पाहिले होते.

त्यामुळे एका सकाळी न्हाणीघरातल्या काट्याने त्यांना चौऱ्याहत्तर किलो सहाशे ग्रॅम असं सांगितलं, तेव्हा त्यांना धक्का वगैरे बसला नाही. संशय आला.

संशयाला जागाही होती. तीन महिन्यांपूर्वी हाच काटा सत्तर म्हणाला होता. मधल्या काळात बाईंनी चहातली साखर सोडली होती, रात्रीचं जेवण निम्म्यावर आणलं होतं आणि बिस्किटांचा डबा नवऱ्याच्या ताब्यात दिला होता. (नवऱ्याने तो कर्तव्यबुद्धीने दर आठवड्याला रिकामा केला.) माल कमी घातला आणि वजन वाढलं, असं सांगणाऱ्या काट्याला बाजारात त्यांनी उभ्या उभ्या सील ठोकलं असतं.

पाळी बंद होऊन सव्वा वर्ष झालं होतं. ती एक गेली आणि जाताना बाकीच्या सगळ्या दुखण्यांना पत्ता देऊन गेली. कचेरीत सगळे खिडक्या लावून घेत, तेव्हा बाई पुठ्ठ्याच्या फायलीने वारा घेत बसत. दुपारचा डबा संपला की डोळ्यांवर झोप अशी यायची, जणू कुणी मानेवर वीस किलोचं वजन ठेवून डबा धुवायला गेलंय. हातपाय होते तेवढेच होते; फक्त कमरेभोवती कुणीतरी परवानगी न घेता बांधकाम काढलं होतं.

हसण्यासारखं होतं, आणि बाई हसल्याही असत्या. पण हे सगळं त्यांनी आधी एकदा पाहिलं होतं. त्यांची आई शिवणकाम करायची. पन्नाशीनंतर ती अशीच कमरेने वाढत गेली, अशीच भर दुपारी यंत्रावर डुलक्या घ्यायला लागली. घरात सगळे तिला हसायचे, बाईसुद्धा. मधुमेहाचं निदान झालं तेव्हा ती बासष्टची होती आणि तिच्या पायाची जखम चार महिने भरत नव्हती. गेल्या वर्षी ती गेली. हजारो काटे तपासलेल्या लेकीने आईला एकदाही काट्यावर उभं केलं नव्हतं.

हा विचार आला की बाई पुन्हा न्हाणीघरातल्या काट्याकडे वळत. दोष काट्यात निघाला, तर बरंच काही टळणार होतं.

दोष काढायचा तर प्रमाण वजनं हवीत, आणि ती कचेरीच्या भांडारात. भांडारपाल हे सडपातळ, सावध गृहस्थ. घामाने लोखंड गंजतं म्हणून वजनांना पांढरे हातमोजे घातल्याशिवाय हात लावू देत नसत, आणि वजन परत आलं की ते लेकरू जत्रेतून परत आल्यासारखं सगळ्या बाजूंनी बघत. घरगुती काट्याला कायदाच लागू होत नाही, हे त्यांनी बाईंना पहिल्याच वाक्यात सांगितलं. बाई म्हणाल्या, माहीत आहे.

"पण तक्रार आली असेल तर देता येतील," ते म्हणाले. "कायदा लागू नसला तरी तक्रारीला फॉर्म लागू आहे, मॅडम."

स्वतःच तक्रार करायची आणि स्वतःच तपास करायचा, हे नियमात बसत नव्हतं. तेव्हा तक्रारदार म्हणून नवरा उभा राहिला. तो शाळेत भूगोल शिकवायचा. पर्वतांच्या उंच्या एकदा पाठ केल्या की पुन्हा मोजायला जावं लागत नाही, अशा शांत श्रद्धेत त्याचं आयुष्य गेलं होतं. बाईंनी मजकूर सांगितला, पण मास्तरांना स्वतःची शैली होती. त्याने लिहिलं: 'सदर काटा माझ्या पत्नीचे वजन ७४.६ किलो दाखवतो. पत्नीस सदर वजन मान्य नाही. याबाबत माझे काहीही मत नाही.' शेवटचं वाक्य काढून टाक, असं बाईंनी तीनदा सांगितलं. सत्तावीस वर्षांच्या संसारात त्याने त्यांचं एवढंच ऐकलं नाही.

फॉर्म तीन प्रतींत असतो हे बाईंना ठाऊक होतं. त्याचा अर्थ त्यांना त्या दिवशी कळला. एक प्रत भांडारात, एक नोंदणी लिपिकाकडे आणि एक साहेबांकडे. जो आकडा बाईंनी सख्ख्या नणंदेला सांगितला नव्हता, तो जेवणाच्या सुट्टीपर्यंत कचेरीच्या दोन्ही मजल्यांवर पोचला होता. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. बाई नोकरीला लागल्या तेव्हा हे साहेब बालवाडीत होते. त्यांनी तक्रार दोनदा वाचली, चेहरा गंभीर ठेवला आणि म्हणाले, "मॅडम, सकाळी चालायला जात जा. माझी आई जाते."

वजनं आली. वीस किलोची तीन, दहाचं एक, पाचाचं एक. खात्याच्या गाडीच्या चालकाला 'पत्त्यापर्यंत' पोचवायचा हुकूम होता आणि पत्ता फाटकाशी सुरू होतो असं त्याचं मत पडलं. घर तिसऱ्या मजल्यावर. लिफ्टवर 'दुरुस्ती चालू' ही पाटी होती, आणि ती आता इमारतीतल्या काही भाडेकरूंपेक्षा जुनी झाली होती. नवऱ्याने पाच किलोचं वजन उचललं, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ते मांडीवर घेऊन बसला आणि उंचीवर गुरुत्वाकर्षण कसं कमी कमी होत जातं ते सांगू लागला. उरलेली चार बाईंनी आणली. पांढरे हातमोजे घालून, कडीला धरून, एकेक.

तिसऱ्या खेपेला चौथ्या मजल्यावरचे सर भेटले. हे निवृत्त व्यायामशिक्षक. शाळेने त्यांना निरोप दिला होता, पण शिट्टी परत घ्यायची राहून गेली होती.

"सुरू केलंत, ताई? फार छान," सर म्हणाले. "फक्त पाठ सरळ. ओझं गुडघ्यातून उचलायचं."

बाई धापा टाकत म्हणाल्या की हे सरकारी काम आहे.

"सुरुवातीला सगळे असंच काहीतरी म्हणतात."

तपासणी रविवारी ठरली. न्हाणीघराची फरशी मोरीकडे उतरती निघाली, पाणसळीतला बुडबुडा एका टोकाला जाऊन बसला. बाईंच्या मनात आशा उगवली. काटा घरातल्या बोळात आणला, आईचं शिवणयंत्र ठेवलं होतं तिथे. तिथली जमीन सपाट होती. पंचनाम्याला दोन पंच लागतात. एक सर झाले. दुसरी म्हणून धाकटी नणंद आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं, पण भावाच्या घरात काही मोजलं जाणार आहे हे तिला बहुधा वाऱ्याने कळत असावं.

वीस चढवले, चाळीस चढवले, साठ. मग दहा आणि पाच. काट्यावर पंच्याहत्तर किलो उभे होते आणि काटा म्हणत होता, त्र्याहत्तर किलो सहाशे ग्रॅम. बाईंनी वजनं उतरवली, पुन्हा चढवली. तीनदा तेच.

काटा खोटा होता. बाईंचा सव्वीस वर्षांचा अनुभव खरा ठरला होता. फक्त काटा त्यांच्या बाजूने खोटं बोलत होता.

नवरा छताकडे बघत होता. त्याला मत नव्हतं. नणंद बोटांवर हिशेब करत होती.

"म्हणजे वहिनी," ती अखेर म्हणाली, "तू पुरती शहात्तर."

कायद्यापुढे सगळे सारखे. बाईंनी पंचनामा लिहिला, पंचांच्या सह्या घेतल्या आणि काट्याला तारेने बांधून शिशाचं सील ठोकलं. इतक्या वर्षांत इतका प्रेमळ काटा त्यांनी पहिल्यांदाच जप्त केला होता.

मग सल्ले आले. नणंदेने रात्रीचं जेवण सोडायला सांगितलं आणि सकाळी कोमट पाण्यात लिंबू. तिच्या जावेच्या बहिणीचं नऊ किलो उतरलं होतं. जावेच्या बहिणीला मधे कावीळ झाली होती, हे तिने दारात चपला घालताना सांगितलं. खालच्या मजल्यावरच्या काकू वजनांच्या दणदणाटाची तक्रार घेऊन आल्या आणि जाताना बाईंना मन मारायला शिकवून गेल्या. कचेरीत कुणी डबा उघडला की आधी बाईंकडे बघून झाकण अर्धवट ठेवायचा. माणसाच्या वजनाविषयी बोलायला पात्रता लागत नाही, असं दिसतं. काटा लावणाऱ्याला निदान परवाना तरी घ्यावा लागतो.

आता काट्याआड लपायची सोय उरली नव्हती. बाई घरच्या डॉक्टरांकडे गेल्या. आईचेही तेच डॉक्टर होते. त्यांनी चार मिनिटं दिली; बाईंनी घड्याळ लावलं होतं. उपाशीपोटीच्या साखरेचा कागद त्यांनी हातभर लांब धरून वाचला.

"साखर ठीक आहे. या वयात होतंच हो बाई. कमी खायचं, चालायचं." आणि औषधाच्या चिठ्ठीवर तारीख घालता घालता, मान वर न करता: "आई बऱ्या आहेत ना?"

"गेल्या वर्षी गेली."

डॉक्टरांचा हात थांबला. "अरे, हो," ते म्हणाले. "वय झालं होतं त्यांचं." आणि तारीख पुरी केली.

वाईट वाटलं की बाई रडत नाहीत, काम करतात. दाराशी दवाखान्याचा काटा होता. त्या वाकल्या, खात्याचा शिक्का शोधला. शिक्का अकरा वर्षांपूर्वीचा. दवाखान्याच्या काट्याला कायदा लागू असतो. बाईंनी तिथेच बसून नोटीस लिहिली: तीन महिन्यांच्या आत काटा कचेरीत आणून पडताळणी करून घ्यावी. डॉक्टर आधी हसले, मग रागावले, मग बाहेर रांग खोळंबली म्हणून मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरबाईंच्या नावे चिठ्ठी देऊन मोकळे झाले. त्या दवाखान्यात चार मिनिटांपेक्षा जास्त वेळ मिळवणारा त्या दिवशी दुसरा कुणी पेशंट नव्हता.

डॉक्टरबाई चाळिशीच्या होत्या. केस विस्कटलेले, टेबलावर गार झालेला चहा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. घाम, झोप, कंबर, तक्रार, पंचनामा. पंचनाम्याची प्रत मागून घेतली आणि 'सदर वजन मान्य नाही' पाशी इतक्या हसल्या की खुर्ची मागे सरकली. बाईंचा अपमान झाला. मग त्यांनाही हसू आलं. पाचसहा महिन्यांत पहिल्यांदाच. हसणं संपल्यावर डॉक्टरबाईंनी विचारलं, आईला काय होतं. बाईंनी सांगितलं. डॉक्टरबाईंनी चहा बाजूला सरकवला आणि रक्तातलं इन्सुलिन तपासायला सांगितलं.

ते आलं, आणि भरपूर आलं.

"म्हणजे काय?" बाईंनी विचारलं.

"तुम्ही नोटिसा पाठवता ना? समजा दुकानदार दार उघडत नाही. मग तुम्ही काय करता?"

"दुसरी पाठवते. मग तिसरी."

"तेच. जेवणातली साखर आत घ्या म्हणून इन्सुलिन पेशींना नोटीस देतं. पेशी दाद देत नाहीत. म्हणून शरीर चौपट नोटिसा पाठवतंय. त्या जोरावर साखर अजून ठीक दिसते. नोटिसा पाठवणारा थकला की दिसणार नाही. आणि एवढ्या नोटिसा फिरत असल्या की कंबर सुटते. पाळी गेल्यावर तर जास्तच. तुम्ही कमी खाल्लंत तरी."

तुम्ही कमी खाल्लंत तरी. हे चार शब्द कुणी शिक्क्यासह लिहून दिले असते तर बाईंनी चौकटीत लावले असते.

"अजून वेळ गेलेली नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "काटा ठेवा बाजूला. कंबर मोजा. उपाशी राहू नका, नीट जेवा, जेवलात की जरा चाला, झोप पुरी करा. आणि जड उचला. स्नायूंनी दारं उघडतात. तीन महिन्यांनी परत बघू."

"जड म्हणजे किती?"

"घरात काय आहे?"

"पंच्याहत्तर किलो," बाई म्हणाल्या. "प्रमाणित."

कंबर मोजायला टेप हवा होता. आईच्या शिवणयंत्राच्या खणात तो होता, पिवळा, कापडी, कडेने उसवलेला. आई गेल्यापासून बाईंनी तो खण उघडला नव्हता. घरात सगळे यंत्रावर किल्ल्या आणि वीजबिलं ठेवत. खरं तर त्या टेपवर त्यांचा डोळा फार जुना. नव्या नोकरीच्या तोऱ्यात त्यांनी एकदा तो पोलादी पट्टीवर ताणून बघितला होता आणि आईला म्हणाल्या होत्या, तुझ्यावर केस करीन. आई दोरा ओवत होती. "कितीने खोटं बोलतो ते मला ठाऊक आहे," ती म्हणाली होती. "ठाऊक असलेलं खोटं चालतं गं."

बाईंनी टेप पुन्हा पट्टीवर धरला. मीटरमागे तीन सेंटीमीटर ताणला होता. म्हणजे चाळीस इंचांची कंबर तो एकोणचाळीसच्याही आत दाखवणार. न्हाणीघरातल्या काट्याचा सख्खा भाऊच.

टेपखाली मापांची वही होती. गिऱ्हाइकांची नावं, छाती, कंबर, उंची. मधेच एका पानावर नाव होतं 'मी'. आई दर वर्षी स्वतःसाठी एक कपडा शिवायची, त्याची मापं. कंबर बत्तीस. तेहतीस. छत्तीस. साडेअडतीस. आणि प्रत्येक आकड्याशेजारी पेन्सिलीने, बारीक अक्षरात: अर्धा इंच धरावा. पाऊण धरावा. एक धरावा. सव्वा धरावा. टेप दर वर्षी किती ताणला, ते आई दर वर्षी तपासत होती. शेवटच्या आकड्याखाली एक ओळ होती. 'दुपारी फार झोप येते. तहान. डॉक्टरांना सांगितलं. म्हणाले वय.'

आईकडे चोख नोंद होती. दोष काढून टाकलेली, तारखेसकट. ती वाचायला कुणी आलं नव्हतं, एवढंच.

मग बाई उठल्या, टेप कमरेभोवती धरला, आणि त्याच पानावर आईच्या ओळीखाली लिहिलं: अडतीस. सव्वा धरावा.

पुढचे तीन महिने बोळात सकाळी शिट्टी वाजत होती. सरांनी पाच किलोपासून सुरुवात करून दिली. दीड महिन्यात बाई दोन्ही हातांत वीस-वीस घेऊन बोळात फेऱ्या मारायला लागल्या. भांडाराच्या नियमाप्रमाणे पांढरे हातमोजे घालून, त्यामुळे दारातून बघणाऱ्याला वाटे की घरात वाहतूक पोलीस सामान हलवतोय. भांडारपालांची स्मरणपत्रं येत. बाई दर वेळी उत्तर देत: तपास चालू आहे. बिस्किटांचा डबा नवऱ्याच्या ताब्यात राहिला, पण पत्नी चाळीस किलो घेऊन येताना दिसली की तो झाकण लावायचा.

तीन महिन्यांनी डॉक्टरबाईंनी नवा रिपोर्ट बघितला आणि म्हणाल्या, नोटिसा निम्म्यावर आल्या. आईच्या टेपवर कंबर साडेछत्तीस झाली, वर सव्वा धरावा. वजन शहात्तर होतं, ते शहात्तरच राहिलं. नवऱ्याने तक्रार मिटल्याच्या फॉर्मवर लिहिलं, 'तक्रारदाराचे समाधान झाले. पत्नीचेही झाले असावे.' बाईंनी वजनं तीन मजले उतरवून परत केली, आणि भांडारपालांनी ती पारखून, पुसून, नियमाप्रमाणे दाखला दिला: 'वजनात कोणतीही घट नाही.' बाईंनी तो जपून ठेवला. कुणी अजून विचारलंच, किती उतरलं म्हणून, तर दाखवायला कागद असावा.

नोटिशीच्या मुदतीच्या शेवटच्या दिवशी घरचे डॉक्टर कचेरीत आले. काटा मांडीवर घेऊन ते बाकावर बसले होते, नंबर सतरा. त्यांच्या डावीकडे मासळीवाली होती आणि उजवीकडे रद्दीवाला. दीड तासाने नंबर लागला. बाईंनी काटा पाणसळीवर घेतला. वीस, चाळीस, साठ. काटा सत्तावन्न किलो आठशे म्हणत होता. गेली अकरा वर्षं दवाखान्यातला प्रत्येक माणूस कागदावर दोन किलोने बरा होता.

"जुना झालाय हो बाई," डॉक्टर हसून म्हणाले. "या वयात थोडं इकडेतिकडे होतंच."

बाईंनी हातमोजे काढले. फॉर्म त्यांच्याकडे वळवला आणि 'दोषाचे कारण' या रकान्यावर बोट ठेवलं. तीन चौकटी होत्या. झीज. छेडछाड. पडताळणीस उशीर.

"वय असं कारण आमच्या फॉर्मवर नाही, डॉक्टर," त्या म्हणाल्या.

त्यांनी तिसऱ्या चौकटीत खूण केली. डॉक्टरांनी चष्मा लावला, या वेळी कागद जवळ धरून वाचला, आणि सही केली. बाईंनी काट्याला तार गुंडाळली, शिसं लावलं आणि पक्कड दाबली. नेहमीपेक्षा जरा जोरात. तीन महिन्यांत हाताला ताकद आली होती.